मुक्याचे आत्मकथन कोणी लिहायचे?

दलित साहित्याच्या समीक्षेने आपल्या हाती एक कसोटी दिली : ज्याने भोगले त्यानेच लिहावे. ही कसोटी आपल्याला कोणी बहाल केलेली नाही, ती आपण भांडून मिळवली आहे. आमचे दुःख दुसऱ्याने ओसरीवर बसून सहानुभूतीने लिहावे आणि आम्ही ते वाचून कृतार्थ व्हावे, हे आम्ही नाकारले. 'बलुतं' 1978 साली आले, 'उपरा' 1980 साली, 'अक्करमाशी' 1984 साली, 'जिणं आमुचं' 1986 साली. आणि या प्रत्येक पुस्तकाने ती कसोटी खरी करून दाखवली. शाळामास्तर म्हणून मी नोकरी केली, त्या काळात वर्गात आणि शिबिरांत मी हीच कसोटी शिकवत आलो. आज मला तिलाच एक प्रश्न विचारायचा आहे. तो मी कोणत्याही ग्रंथातून उचललेला नाही. तो माझ्या घरात, माझ्या मांडीवर बसलेला आहे.

माझा नातू सात वर्षांचा आहे. घरात त्याला सोन्या म्हणतात. त्याला बोलता येत नाही. अडीच वर्षांचा होईपर्यंत 'आमच्यातली पोरं उशिराच बोलत्यात' असे म्हणून आम्ही दिवस ढकलले. अंगणवाडीच्या ताईंच्या लक्षात प्रथम आले. साताऱ्याला तपासणी झाली आणि कागदावर 'बौद्धिक दिव्यांगत्व' व 'स्वमग्नता' असे दोन शब्द उमटले. मुलगा पुण्याकडे टेम्पो चालवतो, सून एका कारखान्यात पॅकिंगला जाते. दोघांतल्या एकाने काम सोडले तर खोलीचे भाडे निघत नाही. म्हणून पोर आमच्याकडे, मसूरजवळच्या वस्तीत वाढते. दर गुरुवारी मी आणि त्याची आजी त्याला घेऊन कऱ्हाडला येतो आणि तिथून सांगलीची एसटी धरतो. सांगलीत माझी धाकटी बहीण राहते, रात्रीचा मुक्काम तिच्याकडे होतो, म्हणून सांगली. 2023 च्या मार्चपासून आजीचे तिकीट अर्धे झाले, माझे वयामुळे आधीच अर्धे होते. आठवड्यातून एकदा पाऊण तासाची थेरपी आणि तिच्यासाठी दोन दिवस, असा हा हिशेब आहे.

तर प्रश्न असा : आत्मकथन हा दलित साहित्याचा गाभा असेल, तर ज्याला शब्दच नाही त्याचे आत्मकथन कोणी लिहायचे? आणि कोणीच लिहायचे नसेल, तर तो आपल्या साहित्यात मोजलाच जाणार नाही काय?

आपल्या चळवळीच्या भाषेकडे पाहा. 31 जानेवारी 1920 रोजी बाबासाहेबांचे 'मूकनायक' निघाले. ज्यांना बोलू दिले गेले नाही त्यांचा तो नायक होता. नाव अचूक होते, कारण त्या मुकेपणाचे कारण समाज होता, जीभ नव्हे. पण पुढे आम्ही ही प्रतिमा इतकी वापरली की ती गुळगुळीत झाली. समाज मुका, सरकार बहिरे, न्याय आंधळा, लोकशाही लंगडी. आमच्या कवितेत, भाषणात, पोस्टरवर ही शरीरे जागोजाग भेटतात, परंतु ती कोणाची तरी उपमा म्हणून भेटतात. खरोखरचा मुका माणूस, ज्याची तहान त्याच्या आजीने त्याच्या बोटाच्या हालचालीवरून ओळखायची, तो या उपमांच्या मागे दडून गेला. एका जयंतीच्या सभेत वक्ता गर्जत होता, 'मुकेपणा ही गुलामगिरी आहे, तो झुगारून द्या!' सोन्या माझ्या मांडीवर होता, लाउडस्पीकरच्या आवाजाने कान झाकून अंग झुलवत होता. टाळ्या वाजवायला माझे हात मोकळे नव्हते. त्या दिवशी मला ही प्रतिमा पहिल्यांदा बोचली. वक्ता चुकीचे बोलत नव्हता. पण त्याच्या बोलण्यात माझ्या नातवाला जागा नव्हती.

आता आत्मकथनांकडे येतो. आजी-आजोबा हे दलित आत्मकथनातले मोठे बळ आहे. 'अक्करमाशी'त संतामाय आहे आणि तिच्यासोबत महमूद दस्तगीर जमादार आहे. दस्तगीर हा रक्ताचा आजा नव्हे, धर्माने मुसलमान. पण बापाने नाकारलेल्या पोराला तो जवळ करतो. रक्त, जात, धर्म या तिन्ही गोष्टी बाजूला सारून केवळ सांभाळण्याने नाते तयार होते, हे त्या पुस्तकाने जितके ठामपणे सांगितले तितके मराठीत क्वचितच कोणी सांगितले असेल. 'जिणं आमुचं' मध्ये आजोळचा महारवाडा आहे. बेबी कांबळे फलटणच्या, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातल्या. पण त्यांच्या बालपणाचे जग उभे राहते ते आजोळच्या वीरगावात. किशोर शांताबाई काळे यांच्या 'कोल्हाट्याचं पोर' (1994) मध्येही पोर आजोळीच वाढते. मात्र तिथला आजोबा मुलींच्या नाचावर जगणारा आहे. आजोळ म्हणजे नुसती माया नव्हे, तिथे पिळवणूकही असते, हे सांगायला काळे कचरले नाहीत.

ही तिन्ही पुस्तके माझ्या प्रेमाची आहेत. पण सोन्याला मांडीवर घेऊन ती पुन्हा वाचली तेव्हा एक गोष्ट मला नव्याने दिसली. या आजी-आजोबांनी सांभाळलेले पोर शाळेत जाते, शिकते, गावाबाहेर पडते आणि शेवटी पुस्तक लिहिते. पोर शहाणे निघाले म्हणून आजीचे कष्ट आपल्यापर्यंत पोचले. आजीच्या कष्टाची पावती नातवाच्या लेखणीने फाडली, असे म्हणा. मग ज्या आजीचा नातू कधीच लिहिणार नाही, तिच्या कष्टाची पावती कुठे आहे? ती आजी संतामायपेक्षा कमी राबली काय? आमच्या आत्मकथनांची वाट अंधारातून शिक्षणाकडे, मुकेपणातून शब्दाकडे जाते. या वाटेने आपल्याला माणूसपण दिले, हे मी विसरत नाही. पण ज्यांना ही वाट चालताच येत नाही ते वाटेच्या कडेला बसून राहिले, आणि आपण त्यांच्यावरून पुढे गेलो.

पांढरपेशा साहित्याने हा विषय हाताळलेला आहे. जयवंत दळवींचे 'नातीगोती' हे नाटक बुद्धीने न वाढलेल्या मुलाच्या आईबापांचे आहे. त्या नाटकाची ताकद मी नाकारत नाही. आईबापांच्या मनात येणारे भयंकर विचार त्याने रंगमंचावर आणले. पण ते दुःख मुंबईतल्या नोकरदार कुटुंबाचे, बंद दाराआडचे आहे. आमच्या वस्तीत दार बंद करायला दाराआड दुसरी खोलीच नसते. सोन्या रात्री दोन वाजता ओरडतो तेव्हा चार घरे जागी होतात. पहाटे उसाला जाणारी माणसे आधी शिव्या देतात, मग त्यांतलीच एक बाई उठून त्याला पाठीवर घेते आणि समाजमंदिरापर्यंत चक्कर मारून आणते. इथे दुःख खाजगी राहत नाही आणि मदतही खाजगी राहत नाही. 'नातीगोती' वाचून आमचे घर कळणार नाही. ते नाटककाराचे उणेपण नव्हे. आमचे घर आम्ही लिहिले नाही, हे आमचे उणेपण आहे.

या संदर्भात मला बाबासाहेबांच्या स्वतःच्या लेखनातला एक उतारा महत्त्वाचा वाटतो. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत त्यांनी 1901 च्या सुमाराचा मसूर स्टेशनावरचा प्रसंग सांगितला आहे. वडील खटाव तालुक्यात तलावाच्या कामावर रोखपाल होते. त्यांना भेटायला निघालेली मुले मसूरला उतरली, आणि जात कळल्यावर त्यांना गाडीवान मिळेना, वाटेत पाणी मिळेना. हा प्रसंग आपण सर्वांनी वाचला आहे, मुलांना सांगितला आहे. मीही वर्षानुवर्षे सांगितला. मसूर तर आमच्या पायाखालचे. पण त्या उताऱ्याच्या आरंभी साताऱ्याचे घर आहे. आई वारलेली. घरात भीमराव, त्यांचा भाऊ आणि वारलेल्या थोरल्या बहिणीचे दोन मुलगे. या चौघांना वडील ज्यांच्या हवाली करून गेले होते त्यांत मुख्य होती आत्या. ती अतिशय मायाळू होती, असे बाबासाहेब लिहितात, पण ती ठेंगणी होती, पायांनी अधू होती, आणि पुष्कळदा तिला उचलून न्यावे लागे. स्वयंपाक मुलांनाच करावा लागे.

आपण सगळे वाचक मुलांबरोबर आगगाडीत बसून मसूरला जातो. साताऱ्याच्या घरात मागे राहिलेल्या आत्याकडे वळून कोणी पाहत नाही. मीही पाहिले नव्हते. आता मसूरवरून सोन्याला घेऊन जाताना मला दर वेळी ती आठवते. तिला कोण उचलत असेल? ती चार पोरेच. म्हणजे सांभाळणारी आत्या आणि सांभाळली जाणारी पोरे असा तो सोपा व्यवहार नव्हता. आत्या पोरांना सांभाळत होती आणि पोरे आत्याला. आमच्या घटनाकाराने लहानपणी एका अपंग बाईला उचलले आहे. अस्पृश्यतेच्या इतिहासात हे वाक्य आपण कधी लिहिले नाही, कारण आपल्याला त्यात अस्पृश्यता दिसली नाही. ज्या घराला गावातून बाईमाणूस कामाला मिळत नव्हते त्याच घरात अधू आत्या आणि चार पोरे होती. अपंगपण आणि अस्पृश्यपण तिथे एकाच चुलीपाशी बसलेले होते.

'हा दलितांचा प्रश्न नाही, असे मूल कोणाच्याही घरी जन्मते,' असे मला आमच्याच एका कार्यकर्त्या मित्राने सांगितले. मूल कोणाच्याही घरी जन्मते हे खरे. पण दोन्ही प्रश्नांची नाळ कुठे जुळते ते मनुस्मृतीत पाहावे. नवव्या अध्यायातील 201 व्या श्लोकात वारशाचा हक्क कोणाला नाही याची यादी आहे. जातीतून पतित झालेला, जन्मांध, बहिरा, वेडा, जड बुद्धीचा, मुका : हे सारे एका ओळीत बसवले आहेत. पुढच्या श्लोकात त्यांना अन्नवस्त्र द्यावे असे सांगितले आहे. म्हणजे पोटाला द्या, हिस्सा देऊ नका. ही व्यवस्था आपल्याला ओळखीची नाही काय? 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला जो ग्रंथ जळाला त्यात माझ्या नातवाविरुद्धचाही श्लोक होता. 1928 च्या कायद्याने त्यातला बराच भाग दूर झाला, पण जन्मतः वेडा वा जड बुद्धीचा असलेला बाहेरच राहिला. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याच्या 28 व्या कलमाने शेवटी ते दारही उघडले : रोग, व्यंग वा दोष यामुळे कोणाचाही वारसा जाणार नाही.

कायद्यातून श्लोक गेला. वस्तीतून गेला काय? सोन्याचे कळल्यावर पहिल्याच महिन्यात एक वयस्कर बाई, जिच्या घरात बुद्धाची मूर्ती आहे, सुनेकडे बघून म्हणाली, 'कुनाचं तरी पाप आसतंय बाई, पोराच्या रूपानं येतंय.' सून काही बोलली नाही. त्या रात्री ती जेवली नाही. मागच्या जन्मीच्या पापाने माणूस अस्पृश्य जन्मतो, हे तत्त्वज्ञान आपण लाथाडले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' (1957) च्या प्रस्तावनेतच बाबासाहेबांनी कर्म आणि पुनर्जन्माचा प्रश्न उपस्थित केला आहे. पण आपण कर्मवाद जातीपुरता सोडला आणि अपंगत्वापुरता ठेवला. अर्धा कर्मवाद नावाची गोष्ट नसते. पोराच्या वाचेला पाप जबाबदार असेल तर माझ्या जातीलाही पाप जबाबदार आहे. एक मान्य करून दुसरे नाकारता येणार नाही.

याच कर्मवादाची दुसरी बाजू म्हणजे असे पोर देवाचे मानणे. केसांत जट झाली की मूल यल्लम्माला सोडायचे, ही रीत उत्तम बंडू तुपे यांच्या 'झुलवा'ने (1986) उघडी केली. तुपेही सातारा जिल्ह्यातलेच. वेगळे पोर घरात ठेवायचे नाही, त्याला देवाच्या नावाने घराबाहेर काढायचे आणि त्यालाच मान म्हणायचे, अशी ती युक्ती होती. म्हणून 2015 च्या अखेरीस पंतप्रधानांनी 'दिव्यांग' हा शब्द सुचवला आणि तो सरकारी कागदावर रुळला तेव्हा मला 'हरिजन' आठवला. हक्क मागणाऱ्याला देवाचे नाव द्यायचे. माझ्या नातवाच्या अंगात दिव्य काही नाही. त्याला दात घासताना त्रास होतो, शिट्टी वाजली की तो घाबरतो आणि गूळ त्याला आवडतो. तो माणूस आहे, एवढे पुरे आहे. कागदावर सही करताना मी तो शब्द लिहितो, कारण लिहिल्याशिवाय कागद पुढे सरकत नाही.

कायदे आहेत. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते, 2016 च्या कायद्यात 21 झाले, आणि त्यात स्वमग्नता व बौद्धिक अपंगत्वही आहे. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली 'निरामय' विमा आहे, वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंत, आणि त्यात थेरपीचा खर्चही बसतो. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतली तपासणी वर्षातून दोनदा होते. आमच्या ताईंना जे दिसले ते या चौकटीत दिसले. हे सारे वाचकांपैकी शिक्षकांनी आणि कार्यकर्त्यांनी पाठ करून ठेवावे, कारण वस्तीतल्या आजीला ते कोणी सांगत नाही. पण कागदाचाही एक दृष्टिकोन असतो. एका ठिकाणच्या अर्जावर आईची सही, वडिलांची सही असे दोन रकाने होते. आजीचा रकाना नव्हता. 'आई कुठं आहे? आजीला काय समजणार?' असे समोरच्या बाईंनी विचारले. सोन्याच्या आजीने अंगठा पुढे केला होता. तो तिने पदराखाली घेतला.

आजीला काय समजते ते आता सांगतो. थेरपी म्हणजे औषध नव्हे, ते शिक्षण आहे. बाटलीत एकेक मणी टाकायचा म्हणजे अंगठा आणि तर्जनी जुळतात. मेणबत्तीवर फुंकर मारायची म्हणजे श्वास ओठांशी येतो. समोरच्याने टाळी वाजवली की आपण वाजवायची, म्हणजे दुसरा माणूस आहे हे कळते. वय जितके लहान तितका हा वाव मोठा. पण पाऊण तासात हे होत नाही. सांगलीतल्या ताई दिशा दाखवतात. चालायचे उरलेल्या सहा दिवसांत आणि घरात. ते चालते आजी. तिने मण्यांच्या जागी तुरीचे दाणे घेतले, चेंडूच्या जागी वाकळेची वळकटी. भाकरी थापताना ती त्याचे हात पिठात धरते, कारण त्याला ओले-चिकट काही सहन होत नसे. दीड वर्ष लागले. आता तो स्वतः पिठात बोट घालतो. वहीत ताईंनी इंग्रजीत लिहून दिलेले मी तिला वाचून दाखवतो, एवढेच माझे काम. एकदा ती म्हणाली, 'अवं, तुमी जल्मभर पोरं शिकीवली, पर ह्येची शाळा मला शिकाय लागली.' या शाळेसाठी तिने खुरपणीचा रोज सोडला आहे. तो हिशेब कोणत्याही योजनेत धरलेला नाही.

आणि इथे समीक्षेचाही संबंध येतो. मुलाला ओळखता येतात की नाही हे पाहण्यासाठी चित्रांची कार्डे असतात. सोन्यासमोर सोफा, फ्रीज, वाढदिवसाचा केक, बाथटब अशी चित्रे ठेवली गेली. त्याने एकाकडेही बोट केले नाही. 'ओळख नाही' अशी नोंद झाली. आजीने पुढच्या गुरुवारी पिशवीतून तवा, खुरपे, भाकरीचा तुकडा आणि बाबासाहेबांचा छोटा फोटो काढून ओळीने ठेवला. 'भाकरी' म्हटल्यावर त्याने भाकरी उचलली, 'बाबा' म्हटल्यावर फोटो. सांगलीतल्या ताई समजूतदार. त्यांनी नोंद बदलली आणि तेव्हापासून त्या वस्तूंवरच काम करतात. पाठ्यपुस्तकांतून आमचे जग गायब आहे हे आपण इतकी वर्षे मांडत आलो. ते जग या कार्डांतूनही गायब आहे, आणि इथे त्याची शिक्षा परीक्षेतल्या गुणांपुरती राहत नाही. पोराच्या बुद्धीचा आकडा त्यावर ठरतो. ज्याला कार्ड वाचता येत नाही त्याच्या वतीने कार्डाची समीक्षा त्याच्या अडाणी आजीने केली. दलित समीक्षा म्हणतात ती याहून वेगळी काय असते?

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे. सोन्याचे आत्मकथन कोणी लिहायचे? 'दुसऱ्याने लिहिले की ती सहानुभूती झाली' हा धोका खरा आहे आणि मी त्यातून सुटलेलो नाही. याच लेखात मी त्याला माझ्या युक्तिवादासाठी वापरले आहे. त्याला विचारले असते तर त्याने होकार दिला असता की नाही, मला सांगता येत नाही. तरीही लिहूच नये, हे मला मान्य नाही. न लिहिणे म्हणजे त्याला पुन्हा मनूच्या ओळीत नेऊन बसवणे : पोटाला आहे, हिस्सा नाही. म्हणून आपली कसोटी टाकून न देता ती थोडी रुंद करावी, असे माझे म्हणणे आहे. भोगणाऱ्याने लिहावे, आणि भोगणाऱ्याला शब्द नसेल तेव्हा ज्याचे हात त्याच्या सांभाळात रोज राबतात त्याने साक्ष द्यावी. साक्षीला तीन बंधने असावीत. साक्षीदार बघ्या नसावा, राबणारा असावा. पोराने जे म्हटले नाही ते त्याच्या तोंडी घालू नये. आणि पोराला कशाचेही प्रतीक करू नये, ना देवाचे, ना पापाचे, ना समाजाच्या मुकेपणाचे. या तीन बंधनांतून जे लिहिले जाईल ते सहानुभूतीचे साहित्य होणार नाही. दस्तगीरला लिहिता आले असते तर त्याने जे लिहिले असते, तसे काहीतरी ते असेल.

या साक्षीला आपल्या परंपरेत आधारही आहे. विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. पोटाच्या आजाराने स्वतःच्या घाणीत पडलेल्या एका भिक्खूकडे कोणी फिरकत नव्हते. तो इतरांच्या उपयोगी नाही म्हणून त्याला सोडले होते. बुद्धाने आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून निजवले आणि मग संघाला सांगितले की आजाऱ्याची शुश्रूषा हीच माझी शुश्रूषा. उपयोगी नाही म्हणून सोडणे हा त्या संघाचा दोष होता. ज्याला बोलता येत नाही, मोर्चात चालता येत नाही, पुस्तक लिहिता येत नाही, तो आपल्या चळवळीच्या उपयोगी नाही. म्हणून आपणही त्याला सोडलेले नाही ना, एवढे तपासून पाहावे.

आजी चौसष्ट वर्षांची आहे, मी अडुसष्ट. सोन्या अठरा वर्षांचा होईल तेव्हा आम्ही असू की नाही, हा विचार गुरुवारच्या एसटीत दोघांच्याही मनात येतो आणि दोघेही तो बोलत नाही. राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणे अठरानंतरचा पालक जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडून नेमून घेता येतो, नातेवाईकालाही अर्ज करता येतो. ते कागद मी आत्ताच गोळा करून एका पिशवीत ठेवत आहे. पण पालक नेमला म्हणजे वस्ती बदलली असे होत नाही. वस्ती बदलण्याचे काम कायद्याचे नाही, आपले आहे, आणि त्यात साहित्याचा वाटा आहे.

म्हणून वाचकांना एक विनंती. तुमच्या वस्तीत असे पोर असेल, आणि ते असतेच, तर त्याच्या आजीकडे जाऊन बसा. ती काय करते ते विचारा, ती सांगेल तसे, तिच्या बोलीत लिहून घ्या आणि तिला वाचून दाखवा. ती म्हणाली 'न्हाई, आसं न्हवतं', तर खोडा. चार जिल्ह्यांतून अशा पन्नास साक्षी जमल्या तर दलित आत्मकथनाचे एक नवे प्रकरण सुरू होईल. हा लेख मी सोन्याच्या आजीला वाचून दाखवला. तिने एकच दुरुस्ती सांगितली. पिठात बोट घालायला दीड वर्ष नव्हे, एक वर्ष आणि दहा महिने लागले. वरची ओळ मी तशीच ठेवली आहे, म्हणजे मोजणी कोणाकडे आहे हे वाचकांना कळावे.